मणक्यांच्या फ्यूजनमधील कृत्रिम बोन ग्राफ्ट : कोणता, कुठे आणि कितपत

कण्याच्या दोन मणक्यांमधली हालचाल कायमची थांबवण्यासाठी जी फ्यूजनची शस्त्रक्रिया करतात, तिच्यात स्क्रू आणि सळ्या काही काळापुरताच आधार देतात. मणके खऱ्या अर्थाने सांधले जातात ते त्यांच्या दरम्यान नवे हाड तयार झाल्यावरच, आणि ते झाले नाही तर आज ना उद्या स्क्रू सैल होतो किंवा सळी तुटते. रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी यांनी १९११ साली न्यूयॉर्कमध्ये या शस्त्रक्रियेची पद्धत घालून दिली तेव्हापासून रुग्णाचे स्वतःचे हाड हाच या कामातला सर्वोत्तम माल मानला गेला आहे. मात्र ते कंबरेच्या हाडाच्या कडेवरून काढावे लागते, तिथे दुसरी जखम होते, अनेकांना ती जागा पाठीपेक्षा अधिक काळ दुखते, आणि जास्त मणके जोडायचे असतील तर तेवढे हाड मिळतही नाही. ही अडचण दूर करण्यासाठी बाजारात आलेल्या कृत्रिम ग्राफ्टांचा, म्हणजे हाडाऐवजी मणक्यांमध्ये भरायच्या मालाचा, हा आढावा आहे.

प्रथम अपेक्षा नेमकी ठरवावी लागेल. रुग्णाच्या हाडात तीन गुण एकत्र असतात: जिवंत पेशी, हाड बनवण्याचा इशारा देणारी प्रथिने आणि नव्या हाडाला चढायला लागणारा आधार. कृत्रिम सिरॅमिक, म्हणजे बहुतेक कृत्रिम ग्राफ्ट ज्याचे बनतात तो दाणेदार खनिज पदार्थ, बहुतेक वेळा यांतला फक्त तिसरा गुण देते. वेलीसाठी मांडव घालावा तसे ते आहे. वेल आणि पाणी दुसरीकडूनच आणावे लागते. म्हणूनच ऑपरेशनमध्ये मज्जारज्जूवरचा दाब काढताना निघालेले हाड बारीक करून त्यात हे दाणे मिसळले, किंवा ते अस्थिमज्जेत भिजवले, तर परिणाम चांगला दिसतो. नुसतेच कोरडे दाणे ओतून हाड तयार होण्याची वाट पाहणे मला पटत नाही.

कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपले प्लास्टर ऑफ पॅरिस, या सर्वांत जुने. ड्रीसमन यांनी १८९२ सालीच हाडातील पोकळी भरण्यासाठी त्याचा वापर केला होता. ते काही आठवड्यांत विरघळते, फ्यूजनला मात्र महिने लागतात, त्यामुळे मणक्यासाठी ते बाजूला ठेवलेले बरे. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाची तऱ्हा नेमकी उलटी: ते वर्षानुवर्षे जागेवर राहते आणि त्याच्या जागी नवे हाड येण्याचा वेग फार मंद असतो. या दोन टोकांच्या मधली जागा बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटने घेतली आहे. स्ट्रायकरचे व्हायटॉस हे त्यातले परिचित नाव. त्याची सच्छिद्रता सुमारे ९० टक्के असल्यामुळे ते अस्थिमज्जा उत्तम शोषून घेते, पण त्याच कारणाने त्याला स्वतःचे बळ जवळजवळ नसते आणि भार पेलण्याचे काम केज (दोन मणक्यांमध्ये बसवायचा पोकळ ठोकळा) व स्क्रूंवरच सोडावे लागते. मेडट्रॉनिकच्या मास्टरग्राफ्टमध्ये १५ टक्के हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट आणि ८५ टक्के बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असते. बराचसा भाग विरघळावा आणि थोडा टिकावा, हा त्यामागचा हिशेब मला समंजस वाटतो. ॲक्टिफ्यूज या आणखी एका सिरॅमिक ग्राफ्टमध्ये वजनाने सुमारे ०.८ टक्के सिलिकॉन घातलेले असते. लॅरी हेंच यांनी १९६९ साली फ्लोरिडात शोधलेल्या ४५एस५ या बायोॲक्टिव्ह काचेवर आधारलेले ग्राफ्टही मिळतात. तिचा पृष्ठभाग शरीरातील द्रवांच्या संपर्कात येऊन हाडाशी रासायनिक बंध जोडतो.

दाणे, पुट्टी की पट्टी, हा प्रश्न जाहिरातीत गौण वाटतो, पण ऑपरेशन थिएटरमध्ये तोच मोठा होतो. सुटे दाणे जखम धुताना वाहून जातात किंवा स्नायूंत पसरतात, म्हणून धुण्याचे काम आधी उरकावे लागते. पुट्टी जिथे ठेवाल तिथे राहते. त्याहून महत्त्वाची आहे ती मणक्यातील जागा. दोन मणक्यांच्या मध्ये, गादी काढलेल्या ठिकाणी, ग्राफ्टवर सतत दाब असतो आणि हाडाचा मोठा रक्ताळलेला पृष्ठभाग त्याला लाभतो, त्यामुळे तिथे सिरॅमिक बऱ्यापैकी निभावून नेते. मागच्या बाजूला, आडव्या प्रवर्धांच्या (मणक्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या हाडांच्या) वर टाकलेल्या ग्राफ्टला तो दाब मिळत नाही. तिथे हाडाचा पृष्ठभाग रक्त पाझरेपर्यंत खरवडला आहे का आणि रुग्ण धूम्रपान करतो का, या दोन गोष्टींचे वजन डब्यावरच्या कोणत्याही नावापेक्षा जास्त आहे.

अमेरिकेत यांपैकी बहुतेक उत्पादने आधीच बाजारात असलेल्या मालाशी साधर्म्य दाखवून परवानगी मिळवतात. त्यासाठी माणसांवरची तौलनिक चाचणी सहसा द्यावी लागत नाही. आय-फॅक्टर हा ग्राफ्ट याला अपवाद आहे: मानेच्या फ्यूजनमध्ये रुग्णाच्या ऑपरेशनच्या जागेवरच निघालेल्या हाडाशी तुलना करणारी चाचणी झाल्यावर त्याला २०१५ साली तिथे पूर्ण मंजुरी मिळाली. पंधरा अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) हे त्याचे वैशिष्ट्य, पण ते पेप्टाइड ज्या खनिजावर बसवलेले असते ते गोवंशीय हाडापासून काढलेले असते. व्हायटॉस फोम आणि मास्टरग्राफ्ट पुट्टी यांतही गोवंशीय कोलॅजन हे प्रथिन असते. आपल्याकडे अनेक रुग्णांना श्रद्धेमुळे किंवा आहाराच्या नियमामुळे ही बाब आधी कळायला हवी असते, आणि संमतिपत्रात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. निखळ खनिज हवे असेल तर तसे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे, आणि बिलासोबत इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्यावे, कारण घटक, बॅच आणि उत्पादक यांची खात्री त्यावरूनच करता येते.

निकाल पाहताना एक सावधगिरी बाळगावी. हे सिरॅमिक स्वतःच एक्स-रेवर पांढरे दिसते. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी फिल्मवर ‘हाड भरलेले’ दिसले तरी ते टाकलेले दाणेच असू शकतात. सुमारे वर्षभराने पातळ कापांच्या सीटी स्कॅनमध्ये एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत अखंड हाडाचा पूल दिसतो का, हे तपासल्याशिवाय फ्यूजन झाले असे लिहून देऊ नये.