ओआरएसची साधी पुडी: मुलीची दोन आजारपणं काढल्यावरचं माझं मत

आमच्या स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांमागे ओआरएसच्या, म्हणजे जलसंजीवनीच्या, तीन पुड्या कायम असतात. एक लिटर पाण्याची पुडी, साधी, बिनवासाची. आमच्या मेडिकलमध्ये वीस-बावीस रुपयांना मिळते. मुलीच्या दोन आजारपणांत ती वापरली. पहिल्यांदा मी ती चुकीची कालवली, दुसऱ्यांदा बरोबर. मिक्सर घ्यायचा तर आपण दहा जणांची मतं विचारतो, आणि ज्या वस्तूवर लेकरू तरून जातं तिच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

एप्रिल 2025. चिऊ तेव्हा सतरा महिन्यांची होती. मी नाशिकमध्ये सातपूरला सीएनसी मशीनवर आहे, सेकंड शिफ्ट करून सिडकोत घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा होतात. घरी आलो तर बायको बाथरूमसमोर चादर धूत बसलेली. संध्याकाळपासून तीन उलट्या आणि पाण्यासारखे चार जुलाब झाले होते. नऊच्या सुमाराला तिने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘जुलाबावरचं ओआरएस’ मागितलं, त्यांनी सफरचंदाच्या चवीचा एक खोका दिला. वर मोठ्या अक्षरांत ओआरएस लिहिलेलं. चिऊने तो स्ट्रॉने आवडीने संपवला. आम्हाला वाटलं, चला, पोटात काहीतरी गेलं.

त्यानंतर जुलाब कमी व्हायच्या ऐवजी वाढले. बाराच्या पुढे मला कंपनीच्या फर्स्ट एडमधली एक पुडी बॅगेत सापडली. ती मी अंदाजाने अर्धी पेल्यात ओतली, वर पाणी घातलं, ढवळलं. चिऊने दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. तिने तोंड फिरवलं हे किती बरं झालं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पहाटेपर्यंत मी जुलाब मोजत होतो. पाच, सहा, सात. वहीत वेळा लिहून ठेवत होतो. निफाडहून माझी आई आलेली होती. ती पाचला उठली, चिऊला मांडीवर घेतलं, दिव्याखाली तिचं तोंड वर केलं आणि म्हणाली, “अरे, वही ठेव ती. पोरीला शोष पडलाय. डोळे बघ किती आत गेलेत.”

शोष म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. मग मी वही सोडून मुलीकडे पाहिलं. दुपटं बदलताना ती रडत होती आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाज रडण्याचा, गाल कोरडे. आईने करंगळी धुऊन तिच्या खालच्या ओठाच्या आत फिरवली, तर बोट गुळगुळीत सरकेना, चिकटत होतं. वाटीतलं पाणी दाखवलं की ती दोन्ही हातांनी वाटी ओढायची, इतकी हपापलेली, आणि काढून घेतलं की किरकिर. शू कधी झाली ते कुणालाच सांगता येईना, कारण डायपरमध्ये सगळं पातळच होतं. डायपरचा हा मोठा घोटाळा आहे. जुलाबाचं पाणी आणि शू त्यात एकच होऊन जातं, आणि डायपर ओला आहे म्हणजे लघवी होतेय असं आपण धरून चालतो. आईने डायपर काढून जुन्या सुती धोतराचा लंगोट बांधला. तो लंगोट बदलताना प्रत्येक वेळी कळत होतं की शी झाली की शू. दोन तासांत शू नाहीच.

सात वाजता इंदिरानगरला आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी वजन केलं. साडेनऊ किलो. त्याआधी बूस्टर डोसच्या वेळी कार्डावर 10.1 लिहिलेलं होतं. म्हणजे सहाशे ग्रॅम, जवळजवळ सगळं पाणीच. मग बेंबी आणि कुशी यांच्या मधल्या पोटाच्या कातडीला त्यांनी अंगठा आणि तर्जनीत हलकेच चिमटीत धरलं आणि सोडलं. निरोगी मुलाची कातडी सोडताच सपाट होते. चिऊची क्षणभर तशीच उभी राहिली, मग बसली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. कातडी दोन सेकंदांहून जास्त वेळ तशी उभी राहिली, मूल मलूल पडून हाक मारल्यावरही नीट जागं होत नसेल किंवा त्याला पिताच येत नसेल, तर घरी पाजत बसायचं नाही, तडक दवाखान्यात न्यायचं, शिरेतून सलाईन लागतं, असं त्या म्हणाल्या. चिऊ त्याच्या अलीकडे होती. मॅडम म्हणाल्या, तिला सलाईन लावायची गरज नाही, याच पुडीचं पाणी, पण माझ्यासमोर, मोजून.

साडेनऊ किलोच्या मुलीला चार तासांत सातशे मिली. हिशोब असा की किलोमागे पंचाहत्तर मिली. म्हणजे दर दीड-दोन मिनिटांनी पाच मिलीचा एक चमचा. मी मोबाईलवर टायमर लावला. बाटली नाही, वाटी-चमचा. घटाघटा पाजलं की ताणलेलं पोट ते उलटवून टाकतं, चमच्याने दिलेलं राहतं. एकदा उलटी झालीच. मला वाटलं सगळं वाया गेलं. मॅडम म्हणाल्या, “घाबरू नका. दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा सुरू करा, थोडं आणखी सावकाश.” मधून मधून बायको अंगावर पाजत होती, ते बंद करायचं नव्हतं. साडेदहाच्या सुमाराला लंगोटावर शू झाली, गडद पिवळी, हातभर डाग. आईने तो लंगोट मला उघडून दाखवला. अकराला चिऊ रडली आणि गालावरून पाणी ओघळलं.

आता पुडीबद्दल.

मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूत्र असतं. एक लिटरला मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड 2.6 ग्रॅम, निर्जल ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड 1.5 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं हे 2002 पासूनचं सूत्र, आधीच्यापेक्षा सौम्य. कंपनी कुठली हे मला महत्त्वाचं वाटत नाही, हे चार आकडे जुळले की पुडी बरोबर. यात जुलाब थांबवणारं काहीही नाही, हे आधी लक्षात घ्या. ज्यांना वाटतं की दोन पेले पाजले आणि जुलाब थांबले नाहीत म्हणजे पुडी खोटी, त्यांनी ती औषध म्हणून घेतली असते. तिचं काम गेलेलं पाणी आणि क्षार परत भरण्याचं. आजारी आतड्यातही एक दार उघडं राहतं, ग्लुकोज आणि मीठ जोडीने आले तरच आत घेणारं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी रक्तात शिरतं. जोडीचं प्रमाण बिघडलं की काम बिघडलं.

मी मशीन गार ठेवणारं कूलंट बनवतो तेव्हा तेल आणि पाण्याचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर या मोजयंत्राने तपासल्याशिवाय टाकी भरत नाही. आणि पोटच्या पोरीला मी अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात ओतली. मॅडमनी त्यावरून मला चांगलं सुनावलं, आणि ते योग्यच होतं. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, लहान मुलाच्या रक्तातलं मीठ वाढलं तर झटके येऊ शकतात. पाणी जास्त झालं तर उपयोग कमी. म्हणून पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर, उकळून गार केलेलं पाणी, एकदाच कालवायचं. कालवल्यावर उकळायचं नाही. वरून साखर, दूध, सरबत काही नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. मी बाटलीला पट्टी चिकटवून त्यावर वेळ लिहितो. लहान मुलाला लिटरभर लागत नाही म्हणून जीव हळहळतो, पण त्यासाठी 200 मिलीची छोटी पुडीही मिळते. एकटं मूल आजारी असेल तर मी तीच घ्यायला सांगेन.

चव. मी स्वतः पेलाभर प्यालो. डोळ्यांतून ओठावर आलेल्या पाण्यासारखी, किंचित गोड. याहून खारट लागली तर प्रमाण चुकलं असं समजा. संत्र्याच्या वासाची मिळते, सूत्र तेच असेल तर तीही चालते. पण ज्या मुलाला खरंच पाणी कमी पडलंय ते साधी पुडी नाकारत नाही, हे मी त्या सकाळी पाहिलं. चिऊचं पाणी भरत आलं तसं ती तोंड फिरवायला लागली, आणि मॅडमच्या मते ते चांगलं लक्षण होतं.

त्या खोक्याविषयी लिहिलंच पाहिजे. नंतर मी त्याची मागची बाजू वाचली. शंभर मिलीमागे अकरा-बारा ग्रॅम साखर. दोनशे मिलीच्या खोक्यात बावीस ते चोवीस ग्रॅम. तेवढ्याच पुडीच्या पाण्यात ग्लुकोज असतं 2.7 ग्रॅम. इतकी साखर आतड्यात गेली की ती अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेते, जुलाब वाढतात. आमच्याकडे त्यामुळेच वाढले का, ते सिद्ध करता येणार नाही, पण त्या रात्री तिला ते द्यायला नको होतं हे नक्की. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या अशा पेयांविरुद्ध आठ वर्षं भांडत होत्या. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. डॉ. संतोष यांचे उपकार माझ्यासारख्या कितीतरी बापांवर आहेत. तरी दुकानात नुसतं ‘जुलाबावरचं द्या’ असं म्हणू नका. पुडी मागा, आणि मागची बाजू वाचा.

त्या चार तासांत मॅडमच्या भिंतीवर डॉ. दिलीप महालनबीस यांचा फोटो दिसला, म्हणून घरी येऊन वाचलं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली आणि सलाईन संपत आलं. त्यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवलं आणि घरच्या माणसांनाच पाजायला लावलं. जिथे शंभरातले वीस-तीस जात होते, तिथे मृत्यू चारांच्या आत आले. नातेवाईकांच्या हातून. ते 2022 मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं 2023 मध्ये, मरणोत्तर.

यंदा मार्चमध्ये चिऊला पुन्हा जुलाब लागले. आता ती सव्वादोन वर्षांची. या वेळी पहिल्या पातळ शीलाच बाटली तयार केली. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे पन्नास ते शंभर मिली, त्याहून मोठ्याला शंभर ते दोनशे, एवढं लक्षात ठेवलं होतं. जोडीला झिंकची वीस मिलिग्रॅमची गोळी, चमचाभर पाण्यात विरघळवून, रोज एक, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे केले. चव तोंडात लोखंड ठेवल्यासारखी असते, चिऊ दर वेळी थुंकायची, पण दिली. आई पहिल्यांदा म्हणायची, “पोटाला आराम दे, काही खायला घालू नको.” या वेळी तिनेच मुगाची आसट खिचडी, दही-भात, केळं थोडं थोडं दिवसातून सहा वेळा भरवलं. डोळे आत गेले नाहीत, शू दर तीन-चार तासांनी, खेळणं चालू. डॉक्टरांना फोन केला, जावं मात्र लागलं नाही. शीमध्ये रक्त दिसलं असतं, उलटी हिरवी झाली असती, किंवा सहा तास शू झाली नसती तर रात्री दोनलाही गेलो असतो. गाडी नसेल तर 108 आहे.

तक्रारी आहेत. अक्षरं इतकी बारीक की माझ्या आईला चष्म्यातूनही वाचता येत नाहीत. नेमकी आजी रात्री मूल सांभाळत असते. बऱ्याच पुड्यांवर मराठी नाही. ‘एक लिटर’ हे पुडीवर सगळ्यात मोठं असायला हवं, तिथे कंपनीचं नाव मोठं असतं. फाडताना कोपरा वाकडा जातो आणि पूड सांडते, कात्रीच लागते. ओलसर जागी ठेवली तर पुडी दगड होते, तशी झाली की टाकून द्या.

निफाडला आईच्या गावात हीच पुडी आशाताई फुकट देऊन जातात, झिंकच्या गोळ्यांसकट. अंगणवाडीतही मिळते. आई दोन आणून ठेवते.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या अक्षरांसाठी कापला. घरात तीन पुड्या, झिंकचं एक पाकीट, आणि एक लिटरची रिकामी बाटली जिच्यावर मी मार्करने रेघ मारून ‘इथपर्यंत पाणी’ असं आईला दिसेल एवढ्या अक्षरांत लिहिलंय.