जास्त जीव कासावीस करणारं काय: मारवा की 'लाक्रिमोसा'?

फोंड्याला आमच्याकडे तिन्हीसांजेला तुळशीपुढे पणती लागते, आणि नेमका त्याच वेळचा मारवा राग मला सोसत नाही. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम अजिबात नाही. तानपुऱ्याची पंचमाची तारसुद्धा निषादाला लावतात. षड्ज, म्हणजे आधाराचा सा, तर गवई मुद्दाम टाळत राहतो. सूर उंबऱ्याशी येतो नि आत न शिरता मागे फिरतो.

पाश्चात्य संगीतकार मोझार्टच्या 'रेक्विएम'मधलं (मृतांसाठीची गायलेली प्रार्थना) 'लाक्रिमोसा', म्हणजे अश्रूंचा भाग, मडगावच्या एका मैत्रिणीनं ऐकवलं. 1791 मध्ये मोझार्ट गेला तेव्हा या भागाचे पहिले आठच बार (तालाची छोटी आवर्तनं) त्याच्या हातचे होते. पुढचं त्याचा शिष्य स्युसमायर यानं पुरं केलं. व्हायोलिनं दोन-दोन सुरांत हुंदके देतात, मग गायकवृंद पायरी-पायरीनं वर चढतो. तिथं काटा येतोच. (मैत्रीण म्हणते, आठव्या बारनंतर तिला फरक कळतो. मला नाही कळला.) पण शेवटी मेजरमध्ये, म्हणजे उजळ सुरांत, 'आमेन' येतं, कुणी पाठीवरून हात फिरवावा तसं.

मारव्यात तो हात नाही. म्हणून माझं मत त्यालाच. रात्री मात्र मी 'लाक्रिमोसा' लावते. मारव्यानंतर हुमणाचीही (माशाच्या कालवणाचीही) चव लागत नाही.