अर्चिन आला नाही, २९,४९९ रुपये गेले

आधी आकडे सांगून टाकतो, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. १०,२५०, मग ६,४९९, मग १२,७५०. एकूण २९,४९९ रुपये. कशासाठी? तीन टक्सेडो अर्चिनसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायच्या काटेरी समुद्री जिवांसाठी. त्यातला एकही आला नाही, एक काटासुद्धा नाही. आधी पैसे, मग 'माल निघाला', मग अडकलेला माल सोडवायला आणखी पैसे, हा खेळ कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. बायकोच्या मावसभावाला जुन्या बुलेटच्या नावाखाली अशीच टोपी घातली होती तेव्हा त्याला शहाणपण शिकवायला मीच पुढे होतो. आता तो भेटला की गालात हसतो.

मी काही अडाणी नाही. बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. पीस दोन शतांश मिलिमीटरने जास्त निघाला तर सगळा लॉट अडवणारा माणूस. अनगोळातल्या घरी तीन फुटी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याची, खडक-प्रवाळांची टाकी आहे, साधारण दोनशे लिटरची. मीठ मोजून घालतो, आरओचं पाणी, क्षारता १.०२५, ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर दर आठवड्याला तपासून घेतो. हे सांगतोय एवढ्यासाठी की 'तुम्ही जरा चौकशी करायची होती' हे वाक्य आता मला ऐकवत नाही. चौकशी केली होती. भरपूर केली होती.

उन्हाळ्यात टाकीत केसाळ शेवाळ माजलं. खडकावर हिरवी गोधडीच. गोगलगायी काचेवरून उतरायला तयार नाहीत, हाताने उपटलं की आठ दिवसांत पुन्हा तेवढंच. अर्चिन यावर रामबाण असतो हे वाचलेलं होतं. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा जातीचे लांब काट्यांचे अर्चिन साथीत नव्वद टक्क्यांहून जास्त मेले आणि मागे शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले, इथपर्यंत वाचलेलं. डायाडेमा तीन फुटी टाकीत ठेवता येत नाही, काटे वीतभर होतात आणि टोचले तर हात सुजतो. टक्सेडो बरा: लिंबाएवढा, अंगावर निळे मखमली पट्टे, मध्ये आखूड तांबूस काटे, आणि सापडेल तो शिंपला-खडा डोक्यावर घेऊन फिरायची खोड. तोंड खाली असतं, पाच दातांचं. खडक अक्षरशः खरवडत जातो.

बेळगावात मला तो मिळाला नाही. मिठाचा डबासुद्धा बाहेरून मागवतो मी. मग इन्स्टावर अर्चिन विकणारं एक पान सापडलं. पानाचं नाव देत नाही, विकणारा ते दर महिन्याला बदलतो. फोन केला तर पलीकडून स्वच्छ मराठी. 'कुठून बोलताय?' 'बेळगाव.' आणि हा माणूस काय म्हणाला ऐका: 'बेळगाव म्हणजे आपलंच की साहेब! सीमाभागातल्या माणसाकडून मी नफा घेत नाही.' मेसेजच्या शेवटी जय महाराष्ट्र. १९५६ पासून आमच्या इथल्या माणसाला हे ऐकायची सवय आहे आणि तरी प्रत्येक वेळी छाती दोन इंच फुगते. तिकडून कुणी 'आमचे बेळगावकर' म्हटलं की आपण खिशाकडे बघायचं सोडतो. पुढारी याच्यावर निवडणुका काढतात, याने माझ्याकडून पैसे काढले. तेव्हा पहिली गोष्ट: धंद्यात कुणी भाषेचं नातं काढलं की तिथंच भाव थांबवा.

मी त्याला प्रश्न विचारले. क्षारता? बरोबर. तापमान? बरोबर. खायला काय? नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. सगळं बरोबर. नंतर ते सगळं चॅट पुन्हा वाचलं तेव्हा अंगाची आग झाली. मी विचारलं होतं, '१.०२५ च ठेवता ना?' तो: 'हो सर.' मी: 'शेवाळ कमी पडलं की नोरी देत असाल?' तो: 'हो सर, नोरीच.' उत्तरं मीच देत होतो, तो फक्त मान डोलावत होता. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न विक्रेत्याला विचारूच नका. 'क्षारता किती?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.

आणि आता ती जागा, जिथं मी उठायला हवं होतं.

त्याने न विचारता एकच गोष्ट स्वतःहून सांगितली. 'सर, आपल्याकडचे अर्चिन पूर्ण रोगमुक्त असतात, दोन आठवडे कॉपरमध्ये क्वारंटाइन केलेले.'

कॉपर! खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना कॉपरचं औषध देतात, आणि तेच औषध अर्चिन, कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना विष. ज्या टाकीत एकदा कॉपर पडलं तिचे खडकसुद्धा लोक रीफमध्ये वापरत नाहीत. दोन आठवडे कॉपरमध्ये राहिलेला अर्चिन म्हणजे काटे गळालेलं टरफल. मी फोनवर क्षणभर थांबलो, आठवतंय मला. घशापर्यंत प्रश्न आला होता. आणि मग मनात मीच त्याचं वकीलपत्र घेतलं: बिचाऱ्याला माशांबद्दल बोलायचं असेल, माशांची सिस्टिम वेगळी असेल, गडबडीत बोलला असेल. कारखान्यात सप्लायर असं काही बोलला असता तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. इथं मला अर्चिन हवा होता. हवं असलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

व्हिडिओपण पाठवला होता त्याने. सुंदर. काचेवर चढणारा निळा टक्सेडो, नळीसारखे पाय काचेला चिकटलेले, डोक्यावर लाल प्लॅस्टिकचं झाकण टोपीसारखं. मी तो घरी सगळ्यांना दाखवला. पोराने नंतर, म्हणजे पैसे गेल्यावर, तोच व्हिडिओ थांबवून दाखवला: टाकीच्या कडेला थर्मामीटर, आकडा ७८.४, म्हणजे फॅरनहाइट. आपल्याकडे सेल्सिअस. ७८ सेल्सिअसला अर्चिनचं कालवण होतं. मागच्या भिंतीवरचा सॉकेट दोन उभ्या फटींचा, अमेरिकेत असतो तसा. आपल्याकडच्या माणसाच्या भिंतीवर तो कशाला असेल? हे मला दिसलं नाही, कबूल, पण आपण सगळे व्हिडिओत अर्चिनच बघतो, भिंत कोण बघतं? तुम्ही बघा. पाठवलेला व्हिडिओ मानूच नका, व्हिडिओ कॉल मागा आणि कॉलवर त्याला अर्चिन उलटा करायला सांगा. धडधाकट अर्चिन पाय लावून थोड्या वेळात स्वतः सुलटा होतो. चोरलेल्या व्हिडिओतला अर्चिन तुमच्या सांगण्यावरून उलटा होत नाही.

२,८०० चा एक, तीन मिळून ८,४००, वर पॅकिंग आणि विमान कार्गो १,८५०. पहिले १०,२५० असे गेले. दुसऱ्या दिवशी ६,४९९: 'लाइव्ह अरायव्हल डिपॉझिट', माल जिवंत पोहोचला की २४ तासांत परत. यावर जास्त बोलत नाही. परत मिळणारे पैसे आधी मागणारा माणूस काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

तिसऱ्या रकमेचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिथं मला 'मूर्ख' म्हणणाऱ्यांनी माझ्या जागी उभं राहून बघावं. थर्माकोलच्या खोक्याचा फोटो आला, वर माझं नाव, माझा मोबाइल. सांबऱ्याला, आमच्या विमानतळावर, विमान उतरल्याची वेळही बरोबर. मी बादलीत पाणी तयार करून ठेवलेलं, हवेच्या पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून थेंब-थेंब सोडायची तयारी. अर्चिनला क्षारतेचा झटका अजिबात सोसत नाही, दोन-तीन तास सावकाश मिसळावं लागतं. आणि फोन आला: पार्सल वनखात्याने अडवलंय, तपासणी शुल्क १२,७५०. पाठोपाठ सिंहमुद्रेचं पीडीएफ.

पिशवीतला ऑक्सिजन संपत चाललेला, अमोनिया वाढत चाललेला. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. वर म्हणतो कसा, 'साहेब, तुमच्या टाकीचे फोटो तुम्हीच पाठवलेत. प्रवाळ दिसतायत त्यात.' वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, अनुसूची एक, २००१ पासून त्यात कठीण प्रवाळ आहेत. वाघाच्या यादीत. माझ्याकडे फक्त मशरूम आणि एक लेदर जातीचा प्रवाळ, दोन्ही मऊ. तसं म्हटलं तर म्हणाला, 'अधिकाऱ्याला मऊ-कठीण कळतं का?' खोटं काय त्यात? भरले पैसे. टाकीचे फोटो अनोळखी विक्रेत्याला पाठवू नका, उद्या तेच फोटो तुमच्या मानगुटीवर बसतात. आणि सरकारी शुल्क कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर जात नसतं. पावती हातात येते.

पैसे भरून गाडी काढली आणि सांबऱ्याला गेलो. असलं काही पार्सल आलेलंच नव्हतं. तिथल्या माणसाने खोक्याचा फोटो बघून विचारलं, 'यावर वजन कुठंय?' लेबलवर वजनच नव्हतं. विक्रेत्याचा फोन तोवर बंद.

इथून पुढचं वाचताना पाणी पिऊन बसा. सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला, १९३० ला, फोन लागला, तक्रार नोंदली, पावती क्रमांक मिळाला, सांगितलं की ठाण्यात जा. ठाण्यात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, उगाच कुणाचा रोष नको. मी कन्नडमध्येच बोललो, मला चांगलं येतं. समोरच्या हवालदाराने फोटो बघितला, मान वाकडी केली आणि विचारलं, 'इदु तिन्नोदा?' खायचं आहे का हे? मी म्हटलं नाही, शेवाळ खातं. शेजारच्याला बोलावून दाखवलं. तिसरा आला. तिघांना मिळून प्रश्न पडला की काट्यांच्या या गोळ्याला कुणी २,८०० रुपये का देईल. माझी तक्रार बाजूला, माझी अक्कलच चौकशीला बसली. मग साहेब आले. त्यांनी खाते क्रमांक बघितला आणि म्हणाले, खातं महाराष्ट्रातलं आहे, तिकडं द्या.

तिकडं, म्हणजे घाटापलीकडच्या एका ठाण्यात, रजा टाकून गेलो. तिथं म्हणाले, तुम्ही राहता कर्नाटकात, पैसे गेले कर्नाटकातून, तिकडं द्या. दोन राज्यं या भागासाठी सुप्रीम कोर्टात भांडतायत, २००४ पासून. दोघांनाही बेळगाव हवं आहे. बेळगावच्या माणसाची तक्रार मात्र कुणालाच नको.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हद्द हा मुद्दाच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हद्द असो वा नसो. झिरो एफआयआर. हे कलम कागदावर लिहून न्या आणि तोंडी बोलू नका, टेबलावर ठेवा. मी पुन्हा गेलो आणि ठेवलं. साहेब म्हणाले, 'वकील आहात का?' नाही. 'मग बसा.' बसलो. दुपार गेली. शेवटी अर्ज घेतला, एफआयआर नाही. अर्जाच्या पोचवर शिक्का इतका फिका की तारीख वाचता येत नाही.

बँकेचं तर बोलूच नये. उत्तर आलं: 'सदर व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला असल्याने बँक जबाबदार नाही.' पिन मीच टाकला हो. चाकू दाखवला नाही कुणी. पण मी तासाभरात कळवलं होतं, समोरच्या खात्यात पैसे होते की नव्हते एवढं तरी सांगा? ते सांगायला 'गोपनीयता' आडवी येते. चोराची गोपनीयता! तीस दिवसांत बँकेने समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. मी गेलोय. सध्या 'प्रक्रियेत' आहे.

बायकोला पहिले काही दिवस १०,२५० चाच आकडा सांगितला होता. पासबुक छापून आणलं तिनेच. 'बघुलालासा काय नुसतं, बोला की,' म्हणाली. बोललो.

आणि गेल्या आठवड्यात नवीन फोन. हिंदीत, एकदम सौजन्याने. 'सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम गोठवली आहे, परत मिळण्यासाठी २,२०० रुपये प्रक्रिया शुल्क.' रक्कम किती, मी विचारलं. या वेळी उत्तर माझ्या तोंडातून दिलं नाही. तो म्हणाला, २९,४९९. अगदी रुपयापर्यंत. हा आकडा त्या चोराला माहीत आहे, बँकेला माहीत आहे, आणि ज्या ज्या टेबलावर मी अर्ज ठेवला त्या टेबलांना माहीत आहे. कुठून गेला ते मी सिद्ध करू शकत नाही. एकदा फसलेल्यांची यादी विकली जाते असं म्हणतात, तुमचंही नाव एखाद्या यादीत असेल तर हा फोन येणार आहे. नंबर टिपून घ्या, पैसे देऊ नका, फोन ठेवला की लगेच १९३० ला कळवा. आणि लाल झाकणाची टोपी घातलेला तो निळा टक्सेडो कुठल्या नव्या पानावर दिसला, तर थर्मामीटर बघा.