गंगावेशीतली धार आणि गोरेगावातली पिशवी
कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हैस समोर उभी असते, गवळी थेट पेल्यात धार काढतो आणि पिणारा फेसाची मिशी पुसत तिथेच पैसे देतो. त्या कोमट दुधाची सर मुंबईच्या गोरेगावात पहाटे दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीला येत नाही, असे माझे (अर्थातच पक्षपाती) मत आहे. मात्र शहरातले गोठे हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभारली गेली, तेव्हा प्रश्न चवीपेक्षा दाटीवाटीतल्या स्वच्छतेचा होता, हे मान्य करावे लागते. शिवाय पिशवी मुसळधार पावसातही बहुधा वेळेवर येते, तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उशिरा पोहोचणाऱ्याला रिकाम्या हातांनी परतावे लागते. चहाला मुंबईचे दूध चालते. नुसते प्यायचे असेल, तर मी गावी जाईपर्यंत थांबतो.