अ‍ॅनिमेशनपट घरी पाहताना: ४:३ की वाइडस्क्रीन?

हाताने काढलेल्या जुन्या चित्रपटांबाबत मला शंकाच नाही, ४:३च घ्या, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३ अशी चौकट. 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' (१९३७) १.३७:१ (जवळपास ४:३च) याच चौकटीसाठी रंगवला होता. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, येऊ द्यात. पडदा भरावा म्हणून झूम केलंत, तर वरचा-खालचा मिळून जवळपास पाव भाग जातो.

रुंद चित्रपटांचं उलट आहे. २.३५:१चं चित्र ४:३मध्ये बसवायला कडा कापल्या, तर ४० टक्क्यांहून जास्त चित्र गायब! 'अ बग्ज लाइफ' (१९९८) मात्र वेगळा. तो संगणकावर बनलेला असल्याने पिक्सारने ४:३ आवृत्तीसाठी अनेक शॉट नव्याने मांडले, पात्रं एकमेकांजवळ सरकवली, काही ठिकाणी चौकट वर-खाली वाढवली. मेहनत खरोखर कौतुकाची, तरी मी रुंद आवृत्तीच निवडेन. मुंग्यांची रांग तिथेच शोभते.

डीव्हीडी असेल तर ती अ‍ॅनामॉर्फिक (रुंद चित्र आडवं दाबून साठवलेली, पाहताना पुन्हा पसरवली जाणारी) आहे ना, एवढं नक्की बघा. नसेल तर एनटीएससी या टीव्ही-पद्धतीच्या ४८० आडव्या ओळींपैकी २.३५:१च्या चित्राला जेमतेम २७० मिळतात, बाकीच्या काळ्या पट्ट्यांत जातात. ब्ल्यू-रेवर १९२० बाय १०८० पिक्सेल असल्याने रुंद चित्रालाही ८००हून जास्त ओळी मिळतात.