नाताळच्या खेळाचा खलनायक: क्राम्पस की ग्रीला?

एकाच बैठकीत संपणारा फँटसी रोलप्ले (खेळाडू पात्रं बनून कथा पुढे नेतात तो खेळ) हवा असेल तर क्राम्पस सोपा. आल्प्सच्या लोककथांतला हा शिंगवाला 5 डिसेंबरच्या रात्री साखळ्या खणखणवत येतो, द्वाड मुलांना टोपलीत घालून नेतो. कथानक आयतंच: पहाटेपर्यंत मुलं सोडवा. पण शेवटी मारामारीच होणार, हे खेळाडू लगेच ओळखतात.

आइसलँडची राक्षसीण ग्रीला जास्त कामाची. तिचे 13 मुलगे 12 डिसेंबरपासून रोज एक असे डोंगरातून उतरतात. कुणी चमचे चाटतो, कुणी मेणबत्त्या पळवतो. म्हणजे आधी भुरट्या चोऱ्यांचा तपास, मग आईशी गाठ. शिवाय एखाद्या मुलाला फितवता येतं, खरी गंमत तिथेच! सगळे 13 मात्र एका बैठकीत मावणार नाहीत. मी तिघंच घेईन आणि नवे कपडे न मिळालेल्यांना खाणारं तिचं मांजर शेवटच्या तासासाठी राखून ठेवीन.