सोयाबीनवर तारण कर्ज: लातूर-धाराशिवकडच्यांनी घ्यावं का?

सोयाबीनची रास झाली की कृषी केंद्राची उधारी, मळणीयंत्राचं भाडं आणि हरभऱ्याचं बियाणं एकाच आठवड्यात अंगावर येतं. लातूरच्या आडत बाजारात आवक वाढून भाव दबतो तोही त्याच सुमाराला. राज्य पणन मंडळाची बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजना या आठवड्यासाठीच आहे, आणि तेवढ्यापुरती ती चोख आहे.

माल समितीच्या गोदामात ठेवायचा. बाजारभाव आणि हमीभाव यांतला जो कमी, त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते. मुदत १८० दिवस, व्याज वर्षाला ६ टक्के, गोदामभाडं नाही. मुदत टळली की पुढचे सहा महिने ८ आणि त्यानंतर १२ टक्के. व्यापाऱ्याचा माल घेत नाहीत, म्हणून सातबारा आणि पीकपेरा जवळ ठेवा. माल चाळून, १२ टक्के ओलाव्याच्या आत वाळवूनच न्या. ओले कट्टे थप्पीत तापतात, बुरशी धरते आणि दाणा डागी होतो. पावतीवर वजनासोबत ओलावाही लिहून घ्या.

ग्यानबाची मेख हिशेबात आहे. ‘६ टक्के व्याज, म्हणजे भाव ६ टक्के वाढला की सुटलो,’ असं पटकन तोंडावर येतं. ते चूक आहे. समजा ५० क्विंटल माल आहे आणि भाव ४,३०० आहे. किंमत झाली २,१५,०००, उचल १,६१,२५० आणि १८० दिवसांचं व्याज साधारण ४,७७०. पण ओलावा १२ वरून १० वर आला तर ५० क्विंटलचे ४८.९ च भरतात. म्हणजे निव्वळ बरोबरीत यायलाच ४,४९५ भाव हवा, हमाली आणि गाडीभाडं वेगळं. त्यात न मिळालेल्या ५३,७५० रुपयांपायी महिना शेकडा दोनची सावकारी उधारी तशीच ठेवावी लागली, तर सहा महिन्यांत आणखी ६,४५० जातात आणि बरोबरीचा भाव ४,६२५ च्या पुढे सरकतो. हा आकडा माल ठेवायच्या आधी काढायचा असतो. पैशाची ओढाताण असताना साधी आकडेमोडही चुकते. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवतो: तेच शेतकरी उसाचे पैसे यायच्या आधी बुद्धीच्या चाचणीत मागे पडले, पैसे आल्यावर सुधारले.

उचल मिळाली की घाई संपते आणि दुसरं दुखणं सुरू होतं. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरला सोयाबीन दहा हजारांपलीकडे गेलं होतं आणि दिवाळीपर्यंत पाच हजारांच्या आसपास आलं. तो दहा हजारांचा आकडा अजून पारावर निघतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं ते इथे तंतोतंत लागू पडतं: माणूस नफा-तोटा मनातल्या एका खुणेपासून मोजतो, आणि तोट्यात असला की जास्त धोका पत्करतो. १९९२ च्या त्यांच्या अंदाजात नुकसान नफ्याच्या सव्वादोन पट जड भरलं. म्हणूनच ४,६०० भाव आला तरी हात आखडतो आणि ४,२०० झाला तर ‘अजून थांबू’ म्हटलं जातं. योजनेत यावर काहीच इलाज नाही. उलट १८० दिवसांची मुदत आशा लांबवायला मदतच करते. हिशेबात हुशार माणूसही यातून सुटतो असं नाही. थांबण्याची कारणं तो जरा जास्त चांगली शोधतो, इतकंच.

स्वभाव पाहून वापरा. रोज सकाळी मोबाइलवर भाव पाहून ज्याचा जीव वरखाली होतो, त्याने सगळा माल ठेवू नये. निम्मा विकून आधी महागडी उधारी फेडावी. निवांत स्वभावाच्या माणसाचा धोका वेगळा, तो मुदतच विसरतो. दोघांनीही माल ठेवायच्या दिवशीच पावतीमागे तीन गोष्टी लिहाव्यात: बरोबरीचा भाव, विकायचा भाव आणि १५० वा दिवस. त्या दिवशी भाव कितीही असो, विकायला काढायचं. सौदा, पट्टी आणि कर्जखातं बंद करायला उरलेले ३० दिवस हाताशी राहतात. ५० क्विंटलचा एकच करार करण्याऐवजी २५-२५ चे दोन होतील का, हेही समितीच्या सचिवांना आधी विचारा. तसं झालं तर अर्धा माल सोडवताना उरलेल्या अर्ध्याला हात लावावा लागत नाही.